मोठ्यांना वॉक, मुलांना घर: कोरोनाकाळात मुंबईच्या मैदानांवर पालक का चिडले होते?

३१ डिसेंबर २०२१. ओमायक्रॉनमुळे मुंबईत रुग्ण पुन्हा वाढत होते. त्या दिवशी मुंबई पोलिसांनी जमावबंदीचा नवा आदेश काढला. समुद्रकिनारे, मैदानं, उद्यानं आणि चौपाट्यांवर संध्याकाळी ५ ते पहाटे ५ या वेळेत जायला १५ जानेवारीपर्यंत मनाई करण्यात आली.

नववर्षाच्या पार्ट्या रोखणं हा त्यामागचा हेतू. पण दादर, परळ, लालबाग किंवा गिरगावातल्या कुठल्याही आईवडिलांना विचारा, मुलं खेळायला कधी उतरतात? उत्तर एकच: पाच वाजता.

मॉर्निंग वॉकची वेळ सुटली, खेळाची वेळ गेली. हे पहिल्यांदाच घडत नव्हतं. मार्च २०२० पासून दोन वर्षं मुंबईतली मैदानं कधी पूर्ण बंद, कधी अर्धवट सुरू राहिली. मैदानं बंद झाली याच्याइतकाच पालकांचा राग ती कोणासाठी आधी उघडली यावर होता. नेमकं काय घडलं होतं, समजून घेऊया.

दक्षिण आणि मध्य मुंबईत मैदान इतकं महत्त्वाचं का?

कारण इथे घरं लहान आहेत. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतली एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यातच स्वयंपाक, झोपणं, अभ्यास आणि आजी-आजोबांची खाटही. गिरगावच्या चाळींत परिस्थिती फार वेगळी नाही. अशा घरांत मुलांची ‘प्लेरूम’ म्हणजे गॅलरी, चाळीचं अंगण आणि जवळचं मैदान.

परळ-लालबागच्या मुलांसाठी ते नरे पार्क किंवा कामगार मैदान असतं, दादरकरांसाठी सुमारे २८ एकरांचं शिवाजी पार्क. गिरगावकरांना चौपाटी जवळ. थोडं पुढे आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल. सुट्टीच्या दिवशी म्हातारीच्या बुटाचं कमला नेहरू पार्क किंवा भायखळ्याची राणीबाग.

शहरात मोकळी जागा मुळातच कमी. केंद्राच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. मुंबईचा आकडा साधारण एक-सव्वा चौरस मीटर सांगितला जातो. म्हणजे एक मैदान बंद झालं तर ‘दुसरीकडे जाऊ’ हा पर्याय बहुतेक कुटुंबांकडे नसतो.

त्यात २०२० मध्ये घरातली गर्दी वाढली. वडिलांचं ऑफिस घरात, मुलांची शाळा मोबाइलवर, आजी-आजोबांना बाहेर पडायची भीती. शाळेची मैदानंही शाळांबरोबरच बंद. अनेक सोसायट्यांनी कंपाउंडमध्ये खेळण्यावरही बंदी घातली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर पाचपेक्षा जास्त रुग्ण सापडलेली इमारत सील करण्याचा नियम महापालिकेने आणला. तेव्हा अशा इमारतींतल्या मुलांचं खाली उतरणंही थांबलं.

कधी काय बंद झालं, कधी काय उघडलं?

* मार्च २०२०: महाराष्ट्रात साथरोग कायदा लागू. आधी थिएटर, जिम आणि स्विमिंग पूल बंद, मग शाळा. २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन.
* ३ जून २०२०: ‘मिशन बिगिन अगेन’चा पहिला टप्पा. मैदानं, उद्यानं आणि समुद्रकिनारी पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळेत चालणं, धावणं, सायकल चालवणं सुरू. पण एकट्याने. गटाने काहीही करायला मनाई.
* ५ ऑगस्ट २०२०: मॉल उघडले. गोल्फ, टेनिस, मैदानातलं बॅडमिंटन आणि मल्लखांब यांनाही परवानगी. सांघिक खेळ मात्र बंदच.
* ५ ऑक्टोबर २०२०: रेस्टॉरंट आणि बार निम्म्या क्षमतेने सुरू.
* १५ ऑक्टोबर २०२०: उद्यानं आणि मोकळ्या जागा विरंगुळ्यासाठी खुल्या.
* १५ फेब्रुवारी २०२१: राणीबाग उघडली. दुसऱ्या लाटेमुळे एप्रिलमध्ये पुन्हा बंद.
* ५ एप्रिल २०२१: ‘ब्रेक द चेन’. उद्यानं आणि मैदानं रात्री ८ ते सकाळी ७ आणि संपूर्ण शनिवार-रविवार बंद. १४ एप्रिलपासून सर्व वेळ बंद.
* ७ जून २०२१: मुंबई तिसऱ्या स्तरात. मोकळी मैदानं, चालणं आणि सायकलिंग यांसाठी वेळ सकाळी ५ ते ९.
* १६ ऑगस्ट २०२१: उद्यानं, मैदानं आणि किनारे सकाळी ६ ते रात्री १० खुले.
* ३१ डिसेंबर २०२१: पुन्हा संध्याकाळी ५ नंतर बंदी.
* १ फेब्रुवारी २०२२: उद्यानं आणि किनारे नेहमीच्या वेळेनुसार सुरू. गुढीपाडव्याला, २ एप्रिल २०२२ पर्यंत, राज्यातले सगळे निर्बंध उठले.

मग पालकांचा आक्षेप नेमका काय होता?

पहिला मुद्दा क्रमाचा. वरची यादी पुन्हा पाहा. चार भिंतींच्या आतला, एसी लावलेला मॉल ऑगस्टमध्ये उघडला. बार ऑक्टोबरच्या सुरुवातीला. उघड्यावरची बाग ‘विरंगुळ्यासाठी’ त्यानंतर.

दुसरा मुद्दा नियमाच्या रचनेचा. जूनपासून मैदानात जाता येत होतं, पण व्यायामासाठी आणि एकट्याने. मोठ्या माणसाला हे जमतं. शूज घातले, चार फेऱ्या मारल्या, घरी आले. सात वर्षांचं मूल शिवाजी पार्कला ‘एकट्याने जॉगिंग’ करत नाही. लगोरी, पकडापकडी, कबड्डी, क्रिकेट यांतला कुठलाच खेळ एकट्याने खेळता येत नाही. त्यामुळे नियमात ‘मुलांना बंदी’ हे शब्द नसतानाही मुलांचा खेळ आपोआप बंद झाला. मल्लखांबाला परवानगी मिळाली ही शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरासारख्या संस्थांसाठी चांगली बातमी होती, पण गल्लीतल्या टेनिस बॉल क्रिकेटला तिचा उपयोग नव्हता. उद्यानांतले झोपाळे आणि ओपन जिमची साधनं वापरायलाही मनाई होती.

तिसरा मुद्दा गोंधळाचा. मुलांसोबत मोठं माणूस हवं, असं जूनच्या सूचनांत म्हटलं होतं. त्याच वेळी १० वर्षांखालच्या मुलांनी अत्यावश्यक आणि आरोग्याच्या कारणाशिवाय घरीच राहावं, असा सल्ला केंद्राच्या सूचनांत होता. मग सहा वर्षांच्या मुलीला बाबांबरोबर बागेत नेता येतं की नाही? सल्ला आणि बंदी यांत कायद्याने फरक आहे. बागेच्या गेटवर तो समजावून सांगणं सोपं नाही.

प्रशासनाची बाजू काय होती?

ती समजून घेणंही गरजेचं आहे. सुरुवातीला विषाणूबद्दल फार कमी माहिती होती. मार्च २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या एका अभ्यासात प्लास्टिक आणि स्टीलवर हा विषाणू ७२ तासांपर्यंत आढळला. घसरगुंडी प्लास्टिकची, झोपाळ्याची साखळी लोखंडी आणि त्यांना दिवसभरात शेकडो हात लागणार. भीती वाटणं स्वाभाविक होतं.

दुसरं कारण घरातल्या ज्येष्ठांचं. मुलांना सहसा सौम्य आजार होतो, पण एका खोलीत आजीपासून अंतर ठेवणार कसं? जुलै २०२० च्या सेरो सर्वेक्षणात मुंबईतल्या तीन वॉर्डांमधल्या झोपडपट्ट्यांत ५७ टक्के, तर इतर वस्तीत १६ टक्के लोकांच्या शरीरात अँटिबॉडी सापडल्या. दाटीवाटीच्या वस्तीत संसर्ग किती वेगाने पसरतो, हे त्यातून दिसलं.

तिसरं कारण गर्दीचं. शहरातल्या काही मोठ्या मोकळ्या जागा तर थेट उपचारासाठीच लागत होत्या. महालक्ष्मी रेसकोर्सवर जम्बो कोविड केंद्र उभं राहिलं होतं.

विज्ञान पुढे काय म्हणालं?

इथेच पालकांच्या नाराजीला आधार मिळतो. नोव्हेंबर २०२० पर्यंत उघड्यावरच्या संसर्गाबद्दल बऱ्यापैकी पुरावे जमा झाले होते. ‘जर्नल ऑफ इन्फेक्शियस डिसीजेस’मधल्या एका आढाव्यानुसार नोंदवलेल्या संसर्गांपैकी १० टक्क्यांहून कमी संसर्ग उघड्यावर झाले होते. बंदिस्त जागेत लागण होण्याची शक्यता सुमारे १८ पट जास्त होती.

एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला हात लावल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारण १० हजारांत एकाहून कमी असते. म्हणजे झोपाळ्यापेक्षा बंद खोलीतली हवा जास्त धोक्याची. मुंबईत त्याच महिन्यात मैदानं पूर्ण बंद झाली.

घरात राहून मुलं संसर्गापासून वाचली का? महापालिकेने एप्रिल ते जून २०२१ दरम्यान १ ते १८ वयोगटाचं सेरो सर्वेक्षण केलं. तपासलेल्या २,१७६ नमुन्यांपैकी ५१.१८ टक्क्यांमध्ये अँटिबॉडी आढळल्या. शाळा बंद होत्या आणि मैदानं बहुतांश बंद, तरी निम्म्याहून जास्त मुलांपर्यंत विषाणू पोचला होता. मैदानं उघडी असती तर हा आकडा किती असता, हे या सर्वेक्षणातून कळत नाही. पण ‘घर म्हणजे सुरक्षित’ हे गृहीतक लहान घरांच्या शहरात तपासून पाहायला हवं होतं, एवढं नक्की.

इतर देशांत पालकांनी काय केलं?

ही चीड फक्त मुंबईची नव्हती.

स्पेनमध्ये मार्च २०२० च्या मध्यापासून मुलांना घराबाहेर पडायलाच मनाई होती. बार्सिलोनाच्या तेव्हाच्या महापौर अदा कोलाऊ यांनी मुलांना बाहेर सोडण्याची जाहीर मागणी केली. अखेर २६ एप्रिलपासून १४ वर्षांखालच्या मुलांना दिवसातून एक तास, घरापासून एक किलोमीटरच्या आत, मोठ्या माणसासोबत फिरायची परवानगी मिळाली.

कॅलिफोर्नियात डिसेंबर २०२० मध्ये खेळाची मैदानं बंद करण्याचा नियम आला. पालक आणि लोकप्रतिनिधींनी विरोध केल्यावर तो काही दिवसांतच मागे घेण्यात आला. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने एप्रिल २०२१ मध्ये असाच निर्णय घेतला आणि दुसऱ्याच दिवशी फिरवला. इंग्लंडने पहिल्या लॉकडाऊनमध्ये मैदानं बंद ठेवली, पण नोव्हेंबर २०२० आणि जानेवारी २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये ती सुरू ठेवली.

या ठिकाणी मुलांचा खेळ हा वेगळा प्रश्न म्हणून चर्चेत आला. मुंबईच्या आदेशांत तो बहुतेक वेळा ‘उद्यानं, किनारे, मैदानं’ या एकाच ओळीत राहिला.

सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईने काय केलं होतं?

ज्या साथरोग कायद्याखाली २०२० चे निर्बंध लागले, तो १८९७ चा. त्याचं मूळ मुंबईतच आहे. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग सापडला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिशांनी हा कायदा केला. त्याची अंमलबजावणी किती जाचक होती, हे इतिहासात नोंदलेलं आहे.

त्याच साथीतून आणखी एक गोष्ट झाली. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या आणि कोंदट हवा रोगाला पोसते, हे मान्य करून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या दादर-माटुंगा योजनेतून रुंद रस्ते, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि पाच उद्यानं आली. म्हणजे दादरच्या काही बागा एका साथीनंतर लोकांना मोकळी हवा मिळावी म्हणूनच आखल्या गेल्या होत्या. पुढच्या मोठ्या साथीत त्यांची फाटकं बंद झाली.

मुलांचं नेमकं काय गेलं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या नोव्हेंबर २०२० च्या सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरदार शारीरिक हालचाल करायला हवी. चाळीच्या खोलीत, ऑनलाइन वर्ग सुरू असताना हे कसं जमणार?

वयाचं गणितही पाहा. जून २०२० मध्ये पहिलीत गेलेलं मुंबईतलं मूल वर्गात पहिल्यांदा बसलं १५ डिसेंबर २०२१ ला. तोवर ते दुसरीत पोचलं होतं. जेमतेम तीन आठवड्यांत शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ जानेवारी २०२२ ला उघडल्या. ओळख करणं, भांडणं, आउट झाल्यावर बॅट सोडणं हे मुलं वर्गात आणि मैदानात शिकतात. या मुलांच्या वाट्याला दोन्ही जागा एकाच वेळी बंद आल्या.

पुढच्या वेळी काय वेगळं करता येईल?

साथ पुन्हा येणार नाही, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. त्या दोन वर्षांतून निघणाऱ्या गोष्टी मात्र साध्या आहेत:

* बंदिस्त जागा आणि उघडी जागा यांना वेगळे नियम असावेत. उघड्या जागा शेवटी बंद व्हाव्यात आणि आधी उघडाव्यात.
* चालणाऱ्यांसाठी सकाळ राखता येते, तर मुलांसाठी संध्याकाळचा एखादा तास राखता येईल.
* मैदान पूर्ण बंद करण्याऐवजी संख्या ठरवून, वाडी किंवा इमारतीनुसार पाळ्या लावता येतील.
* बंदी घातली तर तिचं कारण आणि फेरविचाराची तारीख आदेशातच लिहावी.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये बहुतेक पालकांनी मुलांना स्वतःहून घरात ठेवलं होतं. त्यांची भीतीही खरी होती. पुढे मॉल उघडल्यावर, बार उघडल्यावर ‘मी कधी खेळायला जाऊ?’ या मुलांच्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वेळी ते उत्तर आदेश काढणाऱ्यांनी आधीच तयार ठेवायला हवं.