हॅरी पॉटरचा ‘परीस’: मराठी नावात काय आलं, काय सुटलं?

कापलेले केस एका रात्रीत वाढतात, प्राणिसंग्रहालयातली काच अचानक गायब होते. हे आपल्यामुळे घडतंय, हे हॅरीला अकराव्या वाढदिवशी कळतं. जे. के. रोलिंग यांचं हे पुस्तक २६ जून १९९७ रोजी ब्रिटनमध्ये आलं. मराठीत ते भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाऊसने ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने आणलं.

मूळ नाव काय?
‘हॅरी पॉटर अँड द फिलॉसॉफर्स स्टोन’. ‘फिलॉसॉफर’ शब्दाने मुलं बिचकतील, असं अमेरिकी प्रकाशकाला वाटलं. म्हणून १९९८ मध्ये तिथे ‘सॉर्सरर्स स्टोन’, म्हणजे जादूगाराचा दगड, असं नाव दिलं गेलं. मराठीत हा प्रश्नच आला नाही. लोखंडाचं सोनं करणारा परीस बुवापाड्यातल्या आजीलाही ठाऊक असतो.

मग फरक कुठे पडतो?
युरोपातल्या किमयागारांच्या कल्पनेत हा दगड दोन कामं करतो: धातूचं सोनं करतो आणि आयुष्य वाढवणारा रसही देतो. आपला परीस फक्त सोनं करतो, अमरत्वासाठी आपल्याकडे अमृत आहे. खलनायक वोल्डेमॉर्टला सोनं नकोच असतं, त्याला जगायचं असतं. ‘परीस’ वाचून फक्त सोनं डोळ्यांसमोर आलं, तर त्याची धडपड नीट कळत नाही.

निकोलस फ्लॅमेल खरा होता का?
हो. तो पॅरिसमधला लेखनिक होता आणि १४१८ मध्ये वारला. किमयेच्या दंतकथा त्याला नंतर चिकटल्या. कादंबरीत मात्र तो ६६५ वर्षांचा आहे.

संत नामदेवांशी काय संबंध?
थेट काहीच नाही, पण साम्य बघा. परिसा भागवतांचा परीस नामदेवांनी चंद्रभागेत फेकला. तो परत मागितल्यावर त्यांनी ओंजळभर खडे काढून दिले आणि ते सगळेच परीस निघाले, अशी वारकरी परंपरेतली कथा आहे.

(पुढे शेवट उघड होतो.) कादंबरीतही दगड त्यालाच मिळतो, ज्याला तो वापरायचा नसतो. शेवटी तो नष्ट केला जातो. दोन्ही गोष्टींत खरी ताकद दगडात नाही, त्याचा मोह सोडणाऱ्यात आहे. त्यामुळे अमृताचा भाग सुटला, तरी ‘परीस’ हे नाव कथेच्या गाभ्याला लागू पडतं.