शब्द एक, खाती चार

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या एका कारखान्यात मी काही वर्षे संगणक विभागात होतो. दुचाकीचे सुटे भाग बनवून मोठ्या कंपनीला पुरवायचे, एवढेच तिथले काम. दर सोमवारी सकाळी बैठक असे आणि साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "तयार माल किती?" प्रॉडक्शनवाले सांगायचे, बारा हजार. क्यूसीवाले सांगायचे, साडेनऊ. स्टोअरचा आकडा आठाच्या आसपास आणि अकाउंट्सच्या लेखी त्याहूनही कमी. मग अर्धा तास खोटे कोण बोलतो याचा तपास चाले. खोटे कोणीच बोलत नव्हते. मशीनवरून भाग उतरला की प्रॉडक्शनच्या मते तो तयार. तपासून शिक्का बसला की क्यूसीच्या मते तयार. पेटीत भरून चलन फाडले की स्टोअरचा, आणि समोरच्या कंपनीने माल उतरवून घेऊन जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, हातात दिला की अकाउंट्सचा.

संत एकनाथांची गोष्ट या भागात लहानपणीच कानावर पडते. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या हाताखाली हिशेब पाहताना एका पैचा मेळ लागेना, म्हणून नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. आमच्या नशिबी ती टाळी नव्हती, कारण चूक वहीत नव्हतीच. चारही वह्या बरोबर होत्या. फक्त त्या चार निरनिराळ्या गोष्टी मोजत होत्या आणि चारही गोष्टींना नाव एकच होते.

हे पुस्तक त्या नावाबद्दल आहे.

मोठी संस्था कशी बांधलेली आहे, म्हणजे तिच्यात कोण काय करतो, कोणती माहिती कुठून कुठे जाते, कोणते काम कोणत्या यंत्रणेवर उभे आहे, याचा आराखडा मांडण्याच्या विद्येला एंटरप्राइझ आर्किटेक्चर म्हणतात. आणि त्या संस्थेच्या जगात मुळात कोणकोणत्या गोष्टी आहेत, त्यांचे प्रकार कोणते, त्या एकमेकींशी कशा बांधलेल्या आहेत, हे नि:संदिग्धपणे लिहून काढणे म्हणजे ऑन्टॉलॉजी. पहिल्या विद्येत चौकोन आणि बाण काढले जातात. त्या चौकोनांचा अर्थ सगळ्यांना सारखाच लागावा, ही व्यवस्था दुसरीने करायची असते. ती नसेल तर भिंतीवर लावलेला आराखडा दिसायला सुंदर असतो आणि प्रत्येक खाते तो आपापल्या परीने वाचते.

ऑन्टॉलॉजीला मराठीत काय म्हणावे? तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत 'सत्ताशास्त्र' हा शब्द आहे. तो मी एकदा व्याख्यानाच्या फलकावर लिहिला, तर दोन नगरसेवक येऊन पहिल्या रांगेत बसले. तेव्हापासून ऑन्टॉलॉजीच म्हणतो. खरे तर आपल्या परंपरेत याहून नेमका शब्द होता : पदार्थ, म्हणजे पदाचा अर्थ, शब्दाने दाखवलेली वस्तू. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने लिहिलेला 'तर्कसंग्रह' पाठशाळेत पहिल्या वर्षाला हातात पडतो आणि सुरुवातीलाच जगातल्या यच्चयावत गोष्टी सात पदार्थांत बसवतो : द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय, अभाव. आता 'पदार्थ' म्हटले की लोकांना भजी आठवतात, त्याला इलाज नाही.

पण या विद्येचे कारभारातले रूप आपल्याकडे आणखी जवळचे आहे. शहरापासून पंधरा किलोमीटरवर देवगिरी. तेराव्या शतकात यादवांच्या दरबारी हेमाद्री श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा त्याचा प्रचंड ग्रंथ व्रत, दान, तीर्थ अशा खंडांत विभागलेला आहे. दप्तर सांभाळणाऱ्या माणसाला वर्गीकरणाची खोड लागते, हे त्यावरून दिसते. त्यानंतर चार शतकांनी शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथपंडिताच्या नावे 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. कारभारात रुळलेल्या फारसी-दखनी शब्दांना संस्कृत पर्याय देणारे सुमारे १४०० शब्द, १६७७च्या सुमारास. शाळेत आपण त्याकडे भाषाशुद्धीचे काम म्हणून पाहतो. ते आहेच. पण त्याची अनुक्रमणिका एकदा वेगळ्या नजरेने वाचावी. शब्द अकारविल्हे लावलेले नाहीत. दहा वर्ग आहेत, आणि त्यांत राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग असे विषय आहेत. राज्य नावाच्या संस्थेत कोणकोणत्या जातीच्या गोष्टी असतात, याचे ते दहा उत्तरांचे टिपण आहे. आज एखादा सल्लागार कंपनीत येऊन पहिल्या महिन्यात जे काढून देतो, तेच.

तरीही कोश एकटा पुरत नाही. पेशवा म्हणजे प्रधान, मुजुमदार म्हणजे अमात्य, सुरनीस म्हणजे सचिव, डबीर म्हणजे सुमंत, एवढे कोश सांगेल. सचिवाने करायचे काय, हे कोशात नाही. ते १६७४च्या कानूजाबत्यात, म्हणजे प्रधानांची कामे ठरवून देणाऱ्या कागदात, आहे. राजपत्रे तपासावीत, अधिक-उणे अक्षर दुरुस्त करावे, ही सचिवाची जबाबदारी. बहुतेक प्रधानांनी मोहिमेवरही जायचे, पण पंडितराव आणि न्यायाधीश यांना त्यातून सूट. शब्द एका कागदावर, त्या शब्दांमागची नाती, बंधने आणि अपवाद दुसऱ्या कागदावर. हे दोन्ही कागद एकत्र ठेवले की ऑन्टॉलॉजी होते. आमच्या कारखान्यातही शब्दांची यादी होती. मॅनेजमेंटने ती छापून प्रत्येक टेबलावर ठेवली होती. दुसरा कागद कोणी लिहिलाच नव्हता.

ज्या शहरात बसून मी हे लिहितो आहे, त्याचाच दाखला घ्या. १६१० साली मलिक अंबरने ते खडकीला वसवले. त्याच्या मुलाने ते फतेहनगर केले, औरंगजेबाने औरंगाबाद, आणि २०२३ साली ते छत्रपती संभाजीनगर झाले. नावावरून काय काय घडले हे वाचकांना माहीत आहे, त्यात मी शिरत नाही. मला कुतूहल आहे ते नोंदींचे. गाड्यांच्या पाट्यांवर एमएच-२० तसेच राहिले. विमानतळाचे आयएक्सयू ही अक्षरे राहिली. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याला ५१५ हा क्रमांक होता, त्या वर्षीची आकडेवारी उघडली तर आजही तोच लागतो. ज्यांनी नोंदीची ओळख नावापासून सुटी ठेवली, त्यांचे काम फलक बदलण्यावर भागले. ज्यांनी नावालाच ओळख मानले, त्यांच्याकडे एकाच गावाची दोन गावे झाली, आणि जुन्या अर्जाशी नवा अर्ज जुळवायला माणूस बसवावा लागला. वस्तू आणि तिचे नाव यांत फरक करणे हा या विद्येतला पहिला धडा. तो आम्हाला घरबसल्या मिळाला.

दुसरा धडा 'मालमत्ता' या शब्दात आहे, आणि त्यावर या पुस्तकाचे तिसरे प्रकरण सगळे खर्ची पडले आहे. भूमी अभिलेख कार्यालयात मालमत्ता म्हणजे सिटी सर्व्हे नंबर असलेला जमिनीचा तुकडा, त्याचे मालमत्ता पत्रक निघते. महापालिकेत मालमत्ता म्हणजे कर लावण्याजोगे बांधकाम, त्याला वेगळा क्रमांक. दुय्यम निबंधकाकडे ती दस्तात वर्णन केलेली, चतु:सीमा सांगितलेली गोष्ट. वीज कंपनीला यातले काहीच लागत नाही, तिला मीटर कळतो. चौघेही एकाच घराविषयी बोलत असतात. निदान घरमालकाला तसे वाटते.

त्यात आमची गुंठेवारी. समजा, शहराच्या कडेला एका शेतकऱ्याचा चार एकरांचा गट आहे. १९४७च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणाहून लहान तुकडा विकता येत नव्हता. पण वीस बाय तीसचे प्लॉट पाडून बाँड पेपरवर लोकांनी घेतले, पोटाला चिमटा घेऊन बांधले, नळ आला, रस्त्याला नगराचे नाव मिळाले. जमिनीवर शंभर घरे आणि सातबाऱ्यावर एकच नाव. तलाठ्याच्या नोंदीत शेत आहे, महापालिकेच्या नोंदीत शंभर करदाते आहेत, आणि दोन्ही नोंदी आपापल्या नियमाने अचूक. २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला आणि २०२१ साली त्याची मुदत वाढवली गेली. त्या कायद्याचे काम एका अंगाने पाहिले तर हेच आहे : 'प्लॉट' नावाची जी गोष्ट लोकांच्या जगात होती पण सरकारी दप्तरात नव्हती, तिला दप्तरात जागा करून देणे.

संगणकाच्या माणसाला वाटते, चारही यंत्रणा एकमेकींना जोडल्या की झाले. जोडून पाहा. आधी काही साधी विधाने ठरवावी लागतात. प्लॉट हा गटाचा भाग आहे. घर प्लॉटवर उभे आहे, पण घर म्हणजे प्लॉट नव्हे. एका घरात दोन मीटर असू शकतात. कर भरणारा आणि मालक एकच असेल असे नाही, कराची पावती मालकीचा पुरावा नसते. हे सगळे कोणत्याही रिक्षावाल्याला माहीत आहे. कोणत्याही यंत्रणेला ते सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि सांगताना कळते की अधिकाऱ्यांचेही त्यावर एकमत नाही.

मोजमापाचा विषय मी दोन ओळींत आटपतो. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, आर १०७६ चौरस फुटांचा. दोन्ही इतके जवळचे की बोलताना 'चाळीस आर म्हणजे एकर' असे सहज निघून जाते आणि प्रत्येक एकरामागे सुमारे ५०० चौरस फूट गळतात. सिडकोत एवढ्या जागेत दुकान निघते.

सात पदार्थांतल्या अभावापाशी मात्र जरा थांबायला हवे. नैयायिकांनी 'नसणे' हाही पदार्थ मानला आणि त्याचे चार प्रकार केले. नोंदवहीतला रिकामा रकाना पाहताना मला त्यांची आठवण येते. पोराचा आधार क्रमांक अजून निघालेला नाही, तो प्रागभाव. निजामी अमदानीतला कागद होता, वाळवीने खाल्ला, तो प्रध्वंसाभाव. अविवाहित माणसाच्या अर्जात जोडीदाराचे नाव नाही, हे कुठल्याच काळात भरले जाणारे नसेल तर अत्यंताभावाच्या वळणाचे. आणि 'हा तो नव्हे', हा अन्योन्याभाव, दोन सारख्या नावांच्या खातेदारांना वेगळे ठेवणारा. आपल्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या तिन्हींसाठी एकच कोरी चौकट असते. मग कारकून तिथे शून्य घालतो, रेघ मारतो, किंवा 'निरंक' लिहितो, आणि वरच्या कार्यालयातला तक्ता त्याची बेरीज करतो. मराठवाड्याचे जुने महसुली दप्तर उर्दूत, खासरा-पाहणीच्या रकान्यांत. पुढे ते मराठीत, सातबाऱ्याच्या रकान्यांत आले आणि मग संगणकावर चढले. त्या प्रवासात कोणता रकाना का रिकामा राहिला, हे कोणीतरी लिहून ठेवले असते तर किती हेलपाटे वाचले असते.

बाहेरच्या जगात या विद्येचा इतिहास लहान आहे. जॉन झॅकमन यांनी १९८७ साली 'आयबीएम सिस्टिम्स जर्नल'मध्ये लेख लिहून संस्थेकडे प्रश्नांच्या चौकटीतून पाहायला शिकवले. काय, कसे, कुठे, कोण, केव्हा, का, असे सहा प्रश्न पुढे त्यात स्थिरावले, आणि आपल्या चौकटीला झॅकमन स्वत:च ऑन्टॉलॉजी म्हणू लागले. १९९३ साली टॉम ग्रुबर यांनी ऑन्टॉलॉजीची संगणकशास्त्राला चालेल अशी व्याख्या दिली. टोरंटोत मार्क फॉक्स आणि एडिंबरात माइक उशोल्ड यांच्या गटांनी उद्योगसंस्थेची पहिली सविस्तर ऑन्टॉलॉजी रचली. नंतर आर्किमेट ही चित्रभाषा आली. भारत सरकारने २०१८ साली 'इंडिया' या उच्चाराशी खेळणारे 'इंडईए' हे चौकटीचे दस्तऐवज काढले. प्रत्येकाचा परिचय आत आहे. पण वाचकाने तिथून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. परदेशी चौकट आधी शिकलेला माणूस कारखान्यात जाऊन चौकटीत बसेल तेवढेच पाहतो.

आणखी एक चूक मी स्वत: केली आहे, तीही सांगून टाकतो. 'तयार माल' या शब्दाचा एकच अधिकृत अर्थ ठरवून, परिपत्रक काढून, तो चारही खात्यांवर लादण्याचा घाट मी घातला होता. दोन महिन्यांत सगळे जुन्या अर्थाकडे परतले, आणि त्यांचे बरोबर होते. क्यूसीला आपला अर्थ लागतो, त्यावर त्यांचे काम चालते. शेवटी आम्ही चार शब्द केले : उतरलेला, पास, चलनी, पोचलेला. कोणता कशानंतर येतो, कोण तो जाहीर करतो आणि परत आलेला माल कुठे मोजायचा, हे एका पानावर लिहिले. 'चलनी' हा शब्द स्टोअरच्या हमालांनी सुचवला. साहेबांचा प्रश्न बदलला नाही, पण आता उत्तर देणारा उलट विचारायचा, "कोणता तयार, साहेब?"

हे पुस्तक शेंद्रा, वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी, शासकीय संगणकीकरणात अडकलेल्यांसाठी आणि विद्यापीठात हा विषय निवडणाऱ्यांसाठी आहे. गणिती तर्कशास्त्र येत नसेल तर सातवे आणि आठवे प्रकरण सोडून दिले तरी चालेल. पहिले, तिसरे आणि पाचवे सोडू नये. प्रत्येक प्रकरणाशेवटी स्वाध्याय आहेत, ते टेबलावर बसून सुटणारे नाहीत. आपल्या संस्थेतला एक शब्द घ्यावा, 'ग्राहक' घ्या, 'रुग्ण' घ्या, 'विद्यार्थी' घ्या, आणि चार खात्यांत जाऊन त्याचा अर्थ विचारावा. प्रवेश रद्द केलेला विद्यार्थी ग्रंथालयाच्या लेखी विद्यार्थी असतो का, एवढा एक प्रश्नही दुपार खाऊन टाकतो.

परिशिष्टात दप्तर, शेती आणि कारखाना यांतले शब्द त्यांच्या खातेवार अर्थांसह दिले आहेत. ती यादी अपुरी आहे. तलाठी सज्जात, मोंढ्यात, स्टोअरमध्ये किंवा दवाखान्याच्या खिडकीवर चालणारा एखादा शब्द तिथे सापडला नाही, तर तो कोणत्या खात्यात कोणत्या अर्थाने वापरतात आणि शेजारच्या खात्यात त्याचा अर्थ कुठे बदलतो, एवढे दोन ओळींत प्रकाशकांच्या पत्त्यावर कळवावे. पुढच्या आवृत्तीत तो घेतला जाईल.

छत्रपती संभाजीनगर