रोशाचे तेल आणि सालईचा धूप

तिन्हीसांजेला निखाऱ्यावर सालईचा डिंक टाकला की घर दरवळते. तोच खडा नुसता हातावर घेतला तर वास बेताचाच. असे का व्हावे? वास येण्यासाठी पदार्थाचे कण हवेत उडून नाकापर्यंत पोहोचावे लागतात. सातपुड्यातल्या सालईला घाव घातल्यावर जो चीक पाझरतो, त्यात उडणारे तेल थोडे आणि जड राळ पुष्कळ. त्या राळेतील मुख्य आम्लांचा सांगाडा तीस कार्बन-अणूंचा. आचेवाचून ती हलायची नाहीत.

त्याच घडणीचा, पण अवघ्या दहा कार्बन-अणूंचा पदार्थ म्हणजे जिरॅनिऑल. तो रोशा गवतात असतो. तेथे निखारा लागत नाही, पाते चुरगळले की पुरे. आणि परमुलखाच्या बाजारात आपल्या खानदेशचा सुवास गेला, तो या गवताचा.

1880 च्या खानदेश गॅझेटियरात या धंद्याची हकीकत आहे. मूळ ठिकाण पिंपळनेर. पुढे तो नंदुरबार, शहादे, तळोदे येथे पसरला. पावसाळा सरताना डोंगरातले गवत भिल्लांकडून विकत घेऊन मुसलमान कारागीर ओढ्याकाठी भट्ट्या लावीत. हंड्यात गवत व पाणी घालायचे, झाकण कणकेने बंद करायचे, आणि उडदाच्या पिठाने लिंपलेल्या बांबूच्या नळीतून वाफ वाहत्या पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात न्यायची. कोवळ्या फुलोऱ्याचे गवत ते 'मोतिया', पिकून लाल झालेले 'सोनफिया'. नावे किती गोड ठेवली आहेत! 1879-80 साली अशा 197 भट्ट्या होत्या. तेल कातड्यांत भरून बैलांवर कोंडाईबारीने सुरतेस आणि धुळे-मनमाडमार्गे मुंबईस जाई. मुंबईचे व्यापारी भट्टीवाल्यांस आगाऊ रक्कम देत. डोंगर चढून गवत कापणाऱ्या भिल्लाचे नाव मात्र पुढे कोणत्याच बाजारात पोहोचले नाही.

गवताचेही नाव पोहोचले नाही. हिंदुस्थानातून जाणारे हे तेल युरोपात 'जिरॅनियमचे तेल' म्हणून विकले जाई. 1871 साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अशाच हिंदी गवताच्या तेलातून हा सुगंधी पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. त्याच्या नावातही जिरॅनियमच राहिले. गुलाबाच्या अत्तरातही हाच पदार्थ असतो. म्हणून तुर्की मुलखात हे तेल त्यात बेमालूम मिसळता येई.

इकडे गवत अपुरे पडू लागले, तशी नंदुरबारकडे या तेलातच भुईमुगाचे नि जवसाचे तेल मिसळले जाऊ लागले. ही लबाडी ओळखणे सोपे आहे. कागदावर थेंब टाकून ठेवावा. रोशाचे तेल उडून जाते. भुईमुगाचा डाग तसाच राहतो.