कुंपणातली फट

गेल्या वैशाखात आमच्या धरमपेठेतल्या घराचे कुंपण पडले. पडले म्हणजे काही लढाई वगैरे झाली नाही. शेजारचा जुना बंगला पाडून तेथे चार मजली इमारत उठायची होती. विटामातीचे ढिगारे न्यायला आलेला ट्रक मागे घेता घेता आमच्या मेंदीत शिरला आणि पंचवीस-तीस फूट वई मुळासकट आडवी झाली. ड्रायव्हरने खाली उतरून पाहिले, "झुडपंच तर होती, काकाजी," अशी माझी समजूत घातली आणि तो आपल्या वाटेने गेला.

त्या संध्याकाळी घरात सभा भरली. विषय एकच : नवे कुंपण कसले घालायचे? सूनबाईंना विटांची भिंत हवी होती. आमच्या सौभाग्यवतींना पुन्हा मेंदीच हवी होती. धाकटा मुलगा न्यू जर्सीला असतो. त्याने फोनवरून आपल्या घराच्या कुंपणाची छायाचित्रे पाठवली. पांढरेशुभ्र, दुधात न्हाल्यासारखे, व्हिनाइल नावाच्या प्लॅस्टिकचे कुंपण! त्याच्या तऱ्हाही त्याने समजावून सांगितल्या. टोकदार पट्ट्यांचे बुटके असते, ते घराच्या पुढच्या अंगाला. दोन-तीन आडव्या दांड्यांचे असते, ते घोड्यांच्या कुरणाला शोभावे असे. सहा फूट उंच, मुळीच फट नसलेले असते, ते मागच्या अंगणाला. आणि ज्याचे मन दोन्हीकडे ओढते त्याच्यासाठी खाली सलग पट्ट्या आणि वर जाळी. "बाबा, रंग नको, गंज नाही, वाळवी नाही. एकदा घातलं की जन्माची काळजी मिटली."

मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. जन्माची काळजी मिटली, असे कोणी म्हटले की इतिहासाच्या मास्तराला हटकून शंका येते. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी माझी पुस्तकांच्या कपाटापर्यंत!

पहिली गंमत ही कळली की, आमच्या घराण्याला कुंपणाची निवड करण्याची वेळ मुळात फार उशिरा आली. देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदशहाने, १७०२ च्या सुमारास बारा लहान वाड्या एकत्र करून नागपूर वसवले. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानाने गावाला कोट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. पुढे भोसल्यांच्या अमदानीत महालात वाडे उभे राहिले. पण कोट होता तो सगळ्या गावाला. घराला कुंपण नव्हतेच. वाड्याची भिंत हेच त्याचे कुंपण. चौक आत, तुळस आत, विहीर आत. बाहेर फक्त दरवाजा आणि ओटा. शेजाऱ्याची आणि आपली भिंत एकच. तिच्यात खिळा ठोकला तर पलीकडच्या फळीवरची बरणी हलायची.

मग इंग्रज आले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले आणि १८६७ मध्ये रेल्वे येऊन पोचली. साहेबाचा बंगला वाड्याच्या अगदी उलट. घर मधोमध आणि मोकळी जागा चहूकडे. त्या मोकळ्या जागेला तो 'कंपाउंड' म्हणे. हा शब्द मलाय भाषेतल्या 'कंपाँग'वरून आला असे मानतात. कंपाँग म्हणजे वाडी-वस्ती. आपण मात्र तो जागेवरून उचलला आणि भिंतीला चिकटवला. 'कंपाउंड बांधायचे' असे आपण म्हणतो, ते साहेबाच्या कानाला चमत्कारिक वाटले असते.

१९३६ च्या कायद्याने सुधार प्रन्यास आला आणि शहराच्या पश्चिमेला लेआउट पडू लागले. आखीव रस्ते, चौकोनी प्लॉट, प्रत्येक घर आपापल्या जागेत सुटे. आमचे आजोबा १९४९ मध्ये महालातून धरमपेठेत आले. आजी पहिल्या दिवशी चारी बाजूंनी हिंडून आली आणि तिने विचारले, "इथं आपल्या बाजूची भिंत कोणाची?" वाड्यात वाढलेल्या बाईचा प्रश्न बरोबर होता. येथे कोणाचीच भिंत कोणाला टेकत नव्हती. साध्या मध्यमवर्गी माणसाने आपल्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये काय घालावे, हे स्वतः ठरवायचे, ही गोष्टच नवी होती.

खेड्यात ते कोडे केव्हाच सुटले होते. शेताला वई लागते ती गुरांसाठी. १८७१ मध्ये गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला आणि कोंडवाड्याला कायद्याचे बळ मिळाले. त्यामुळे वई नसलेल्याला नुकसान आणि गुरे सोडणाऱ्याला दंड, असा दोघांनाही धाक बसला. मग ज्याच्या रानात जे उगवेल ते : बाभळीच्या काट्या, बोरी, करवंद, निवडुंग, घायपात आणि आमच्या वऱ्हाड-नागपूरकडची बेशरम. गुरे तिला तोंड लावत नाहीत आणि कितीही तोडा, ती पुन्हा फुटते. नावच बोलके आहे.

येथे मला दुसरी गंमत सापडली. ह्या यादीतले निवडुंग, घायपात आणि बेशरम मूळचे अमेरिका खंडातले! काटेरी तारही तिकडचीच. इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडनने १८७४ मध्ये तिचे पेटंट घेतले, कारण तिकडच्या गवताळ मैदानात कुंपणाला ना लाकूड होते ना दगड. व्हिनाइलचे मूळ द्रव्य एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या हाती १८७२ मध्ये लागले होते. पण १९२६ मध्ये अमेरिकेतल्या वाल्डो सेमनने ते मऊ करून उपयोगात आणले, तेव्हा त्याचे नशीब उघडले. म्हणजे आमच्या धाकट्याने काही जगावेगळे सुचवले नव्हते. दोन-चारशे वर्षे आपण अमेरिकेकडूनच कुंपण घेत आलो आहोत.

पण कुंपणाच्या निवडीचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्याच देशात झाला, हे कित्येकांना ठाऊक नसते. मुंबई-मद्रासकडे मिठावर कर कमी आणि बंगालकडे जास्त. स्वस्त मीठ तिकडे जाऊ नये म्हणून इंग्रजांनी देशाच्या आरपार जकातीची रेषा आखली. १८७० च्या आसपास ती सिंधू नदीपासून पार ओरिसापर्यंत दोन हजार मैलांहून लांब झाली होती आणि तिच्यावर बारा हजारांवर माणसे पहारा करीत होती. ह्या रेषेवर कुंपण घालण्याचे काम १८६७ मध्ये ॲलन ह्यूम ह्यांच्याकडे आले. होय, तेच ह्यूम, ज्यांनी पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. आधी वाळक्या काट्यांची वई होती. ती वाळवी खाई, आगीत जळे, वाऱ्याने उडे. ह्यूम म्हणाले, जिवंत वई लावू. कोणत्या मातीत काय जगते हे त्यांनी लावून पाहिले. कोठे बाभूळ, कोठे बोर, कोठे करवंद, कोठे निवडुंग, कोठे शेर. जमीन नापीक असेल तेथे चर खणून दुसरी माती भरली, पाणी अडवायला बांध घातले. पंजाबपासून तापीकाठच्या बुऱ्हाणपूरपर्यंत, म्हणजे आपल्या खानदेशच्या उंबरठ्यापर्यंत, ही वई येऊन पोचली. जेथे ती साधली तेथे दहा-बारा फूट उंच, आणि माणूस सोडा, मुंगूसही अंग चोरून जाईल अशी.

आणि एवढ्या मेहनतीचे फळ काय? गरिबाच्या भाकरीवरचे मीठ महाग झाले. पहारेकरी लाच खाऊन वाट देऊ लागले. एकटा शिपाई आणि अंधारी रात्र. कुंपणच शेत खाऊ लागले, दुसरे काय! शेवटी १८७९ मध्ये सरकारने करातला फरक कमी केला, मीठ जेथे पिकते तेथेच कर बसवला आणि रेषा सोडून दिली. पुढे लोकांनी तिच्या मातीवर रस्ते केले, शेते नांगरली. रॉय मॉक्सम नावाच्या इंग्रज लेखकाने वर्षानुवर्षे शोध घेतला, तेव्हा इटावा जिल्ह्यात तिचा एक तुकडा त्याला सापडला. त्याचे पुस्तक २००१ मध्ये निघाले. शंभर-सव्वाशे वर्षांत लोकांना तिचे नावसुद्धा आठवत नव्हते.

पुस्तक मिटले आणि मला आमच्याच घरची तार आठवली.

१९६१ ची गोष्ट. मी अकरा वर्षांचा होतो. शेजारी वकीलसाहेब राहत. त्यांच्या आंब्याची एक फांदी आमच्याकडे यायची आणि तिच्या पडलेल्या कैऱ्या कोणाच्या, ह्यावरून एका दुपारी वडिलांचा आणि त्यांचा शब्दाला शब्द वाढला. पुढच्या रविवारी वडिलांनी मेंदीच्या आतून लोखंडी अँगल रोवून काटेरी तारेच्या तीन ओळी ताणल्या. मेंदीत पूर्वीपासून एक फट होती; आई आणि शेजारच्या काकू तिच्यातून विरजण, कढीपत्ता, लग्नाच्या बातम्या असे सगळे देत-घेत. ती फट बंद झाली.

दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे आईने मला परसात नेले. तिने केव्हातरी सांडशीने खालच्या दोन तारा वर वाकवून सुतळीने बांधून ठेवल्या होत्या. विणलेल्या रुमालाखाली फराळाचे ताट होते. "सरपटत जा, अन् चकल्या मोडू नको." मी गेलो. काकूंनी ताट घेतले आणि त्याच ताटात अनारसे घालून परत दिले. ताट रिकामे परत करायचे नसते. येताना तारेने माझा शर्ट दंडावर फाटला. वडिलांनी न्याहारीच्या वेळी पाहिले आणि विचारले, "शर्ट कुठं फाटला?" मी म्हणालो, "कुंपणात." ते थोडा वेळ ताटातल्या अनारशाकडे पाहत राहिले. आमच्या घरी त्या वर्षी अनारसे केलेच नव्हते. मग म्हणाले, "सांभाळून जात जा."

पुढे अकरा दिवाळ्या मी त्या तारेखालून गेलो. वडील आणि वकीलसाहेब मात्र एकमेकांशी बोलले नाहीत. १९७२ च्या हिवाळ्यात वकीलसाहेब गेले. सकाळपासून माणसे जमू लागली, फाटकात गर्दी झाली. वडिलांनी पक्कड आणली, तिन्ही तारा तोडल्या आणि माणसांना आमच्या अंगणातून वाट करून दिली. दिवसभर ते त्या फटीपाशी उभे होते. त्या रात्री ते जेवले नाहीत. त्यानंतर आमच्या घरात तार आली नाही.

आठ दिवसांची मुदत संपली आणि मी सभेला निकाल सांगितला. धाकट्याचे व्हिनाइल वाईट नाही. पांढरे असले तर ऊन परतवते. गडद रंगाचे मात्र तापून वाकायची भीती. पण त्याचे खांब पोकळ, पाया खोल लागतो. तिकडे हिवाळ्यात गोठलेली जमीन खांब उचलते, तर इकडे काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबांना दरवर्षी थोडे थोडे वाकायला लावते. पश्चिम नागपूर काळ्या दगडावर वसले आहे. दोन फुटांचे दगडी जोते येथे कोणत्याही खांबापेक्षा टिकते. त्याच्या कुंपणातली एक गोष्ट मला फार आवडली. तिकडे कित्येक गावांत नियम आहे की, कुंपणाची चांगली बाजू शेजाऱ्याकडे करायची आणि खांब-दांड्यांची उघडी बाजू आपल्याकडे ठेवायची. "हा नियम तेवढा पाठवून दे," मी त्याला म्हणालो, "कुंपण तिकडेच असू दे."

शेजारच्या ठेकेदाराला सात फूट भिंत घालायची होती. माणूस समजूतदार होता. गाड्या, मुले, चोऱ्यामाऱ्या, सगळे त्याने शांतपणे मांडले. मी म्हणालो, "भिंत घाला, पण जुन्या फटीच्या जागी तीन फुटांचं फाटक ठेवा." तो म्हणाला, "ठेवतो. पण काकाजी, त्याची किल्ली कोणाकडे राहील?" मला पटकन उत्तर सुचले नाही. सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "कुलूपच नको. कडी लावा, दोन्हीकडून उघडेल अशी."

ते ठरले. आमच्या बाजूला काळ्या दगडाचे जोते झाले. पहिल्या पावसानंतर त्याच्यापुढे मेंदीच्या काड्या दोन ओळींत, एकाआड एक लावल्या. आज त्या वीत-दीड वीत झाल्या आहेत आणि वई म्हणण्याजोग्या व्हायला दोन-तीन वर्षे तरी जातील. भिंत अजून उठायची आहे, पण फाटकाची चौकट आधीच बसली. सध्या ती नुसतीच उभी आहे आणि नातू दिवसातून दहा वेळा उगीचच तिच्यातून ये-जा करतो.

वकीलसाहेबांच्या सूनबाई, म्हणजे आमच्या आताच्या काकू, इमारत होईपर्यंत शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने राहतात. ह्या दिवाळीला ताट नातवाबरोबर स्कूटरवरून जाईल. परत येताना त्यात काय असेल, ह्यावर घरात पैज लागली आहे. मी अनारशांवर पैसे लावले आहेत.