कोबीचं बी गाडग्यात नव्हतं

आपल्या आज्या मेथी, वांगी, घेवडा, भोपळा यांचं बी राखेत घोळवायच्या, गाडग्यात भरायच्या आणि तोंडाला फडकं बांधून उतरंडीत ठेवायच्या. पुढच्या पावसाला तेच बी बाहेर निघायचं. त्या गाडग्यांत कोबीचं बी मात्र कधी नव्हतं. कोबीला फुलावर यायला काही आठवडे डोंगरातली कडक थंडी लागते. आपल्याकडची थंडी गड्डा धरायला पुरते, बी धरायला पुरत नाही. त्यामुळे 'गोल्डन एकर', 'प्राईड ऑफ इंडिया' अशा वाणांचं बी कुलूच्या खोऱ्यातून, काश्मीरातून यायचं. आजही कोल्हारच्या शिवारात कोबी लावायचा तर बी नाहीतर रोप विकतच आणावं लागतं. ही भाजी आपल्याकडे पाहुणी आहे. पाहुणीचं कौतुक झालं, पण तिची नीट ओळख करून घ्यायची राहून गेली.

ती कुठून आली हे तिच्या नावातच आहे. पोर्तुगीज भाषेत कोबीला 'कोव्ह' म्हणतात, त्यावरून आपला कोबी. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्यामागून बटाटा, पाव, अननस, काजू, पेरू ही नावं मराठीत आली. चावी आणि बादलीसुद्धा त्यांचीच. पुढे इंग्रजांना थंड हवेच्या ठिकाणी विलायती भाज्या हव्या झाल्या. महाबळेश्वरला तेव्हा चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता, तो 1864 मध्ये बंद झाला. तिथे विलायती भाज्यांचे आणि बटाट्याचे मळे फुलवले ते या कैद्यांनी. घरादारापासून हजारो कोस दूर आणलेली माणसं साहेबाच्या ताटासाठी भाजी पिकवत होती, ही गोष्ट पुस्तकांत दोन ओळींत उरकलेली असते.

आपल्या भागात भाजीपाला वाढला तो पाटाच्या पाण्याने. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं आणि प्रवरेचे कालवे बारमाही पिकाला आधार देऊ लागले. 1950 मध्ये शेजारी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, 1968 मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ आलं. ऊस राजा झाला, भाजीला मधली जागा मिळाली. कोबी आला तो असा, बाजारासाठी. घरात तो शिरला भाजीच्या कढईतून. कच्चा कोबी, म्हणजे पचडी, बऱ्याच घरांत अजूनही पाहुणे आले की होते आणि वाढणारीच्या ताटापर्यंत पोचायच्या आत संपते.

कच्च्या कोबीची थोरवी जुनी आहे. सुमारे 2200 वर्षांपूर्वी रोममध्ये केटो नावाच्या माणसाने शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात कोबीला त्याने भाज्यांत पहिलं स्थान दिलं आणि मेजवानीत खूप खायचं-प्यायचं असेल तर आधी कच्चा कोबी शिरक्याबरोबर खा, असं सांगितलं. सल्ला कुणाच्या सोयीचा होता ते कळतंच!

खरा धडा मिळाला तो समुद्रावर. वास्को द गामा 1498 च्या ऑक्टोबरात कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून परत निघाला. आफ्रिकेचा किनारा गाठायला जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजल्या, त्यांतून रक्त आलं, हातपाय सुजले, आणि त्या एका टप्प्यात तीसेक माणसं गेली. हा आजार स्कर्व्ही. ताजी भाजी आणि फळं महिनोन् महिने पोटात गेली नाहीत की तो होतो. ज्यांच्या भाषेतून आपल्याला कोबी हा शब्द मिळाला, त्यांचेच खलाशी ताज्या पाल्याअभावी मेले.

1768 मध्ये कॅप्टन जेम्स कुक इंग्लंडहून निघाला तेव्हा त्याच्या जहाजावर आंबवलेल्या कोबीची पिंपं होती. बारीक चिरलेला कच्चा कोबी मीठ लावून त्याच्याच सुटलेल्या पाण्यात मुरवलेला. खलाशी त्याला हात लावेनात. मग कुकने युक्ती केली. कोबी रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर मांडायला लावला आणि खलाशांना सांगितलं, तुमची मर्जी. आठवडा व्हायच्या आत सगळे मागायला लागले, वाटणी करून द्यायची वेळ आली. त्या सफरीत स्कर्व्हीने माणसं दगावली नाहीत. पुढे बटाव्हियाला हगवण आणि तापाने मात्र बरीच दगावली. सगळं श्रेय कोबीला देणं बरोबर नाही. कुक किनारा दिसेल तिथे हिरवा पालाही गोळा करायला लावायचा.

कोबीत काय आहे हे कळायला 1928 साल उजाडलं. अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाने जनावरांच्या ग्रंथींतून, संत्र्यातून आणि कोबीतून एक पदार्थ वेगळा काढला. तेच पुढे क जीवनसत्त्व ठरलं आणि 1937 मध्ये त्याला नोबेल मिळालं. आपल्या देशात अन्नाचे तक्ते आधी कुन्नूरला आणि मग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत तयार झाले. जुन्या तक्त्यात 100 ग्रॅम कच्च्या कोबीत 124 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व छापलंय, 2017 च्या तक्त्यात साधारण 33. वाण, माती, काढल्यानंतर गेलेले दिवस, तपासायची पद्धत, यांनी असा आकडा बदलतो. मी तरी लहान आकड्यावरच हिशेब करते. बाईला रोज 65 मिलिग्रॅम लागतं, म्हणजे 100 ग्रॅम कोबीत निम्मं आलं. पेरू आणि आवळा याबाबतीत कोबीच्या कितीतरी पुढे आहेत, हेही सांगून ठेवते.

मग कोबीचा हट्ट कशाला? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. आधीच्या पाहणीत हा आकडा 48 होता. कमी व्हायचा तो वाढला. आपल्या बाजरीत लोह आहे, 100 ग्रॅमला 6 ते 8 मिलिग्रॅम. पण धान्यातलं लोह अंगी लागायला अवघड. त्याच घासासोबत क जीवनसत्त्व पोटात गेलं तर ते जास्त शोषलं जातं. खुद्द कोबीत लोह नावालाच आहे. त्याचं काम बाजरीतल्या लोहाला वाट करून देण्याचं. म्हणून पचडी भाकरीसोबतच हवी, तासाभराने नाही. जेवणावर लगेच चहा घेतला तर तो उलट वाट अडवतो. आणि नर्सताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पचडी सुरू केली म्हणून बंद करायच्या नाहीत.

क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नासतं. कोबी चिरून मग धुतला, शिजवून पाणी ओतून दिलं, की निम्म्याहून अधिकही जातं. पचडीला मीठ लावून घट्ट पिळणं हीदेखील तशीच उधळपट्टी. सुटलेलं पाणी तसंच राहू द्या. वर लिंबू, दाण्याचं कूट, फोडणी. कुकच्या पिंपातही ते पाणी होतंच.

आता दोन भीती. पहिली थायरॉईडची. अमेरिकेत 1928 मध्ये दुसऱ्याच संशोधनासाठी पाळलेल्या सशांना मुख्यतः कोबीच खायला मिळत होता, आणि त्यांना गलगंड झाला. आपण काही दिवसभर कोबी चावत नाही आणि आपल्या मिठात आयोडीन असतं. थायरॉईडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, एवढंच.

दुसरी भीती कोबीतली अळी डोक्यात जाते ही. कोबीतली हिरवी अळी पतंगाची; ती मेंदूत जात नाही. मेंदूत जातो तो टेपवर्म, आणि त्याची अंडी पडतात पोटात तो जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. ती उघड्यावरून, गटाराच्या पाण्यातून कोथिंबिरीवर, मेथीवर, कोबीवर, कशावरही येऊ शकतात. तेव्हा गटाराच्या पाण्यावरचा कोबी शिजवूनच खावा. बाकीच्याची वरची तीन-चार पानं काढायची, आतली सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची आणि मगच चिरायची. कोबी फवारलेला असेल तर ती वरची पानं शेळीपुढेही टाकू नका.