दिनविशेष : ४ जानेवारी
सोलापुरात वकील बाबासाहेबांचे वसतिगृह (१९२५)

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. अस्पृश्यतेमुळे पक्षकार त्यांच्याकडे फिरकत नसत. तरीही अस्पृश्यांचे हक्क कोर्टाबाहेरही मिळवायचे, या निर्धाराने २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली. सभेने आजच्या दिवशी, १९२५ साली सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या मुलांची राहण्या-जेवणाची सोय झाली. पुढे महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यावरील हक्काचा खटला १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागला. हक्कांच्या त्या लढ्यात सोलापूरचे हे वसतिगृह पहिल्या पायऱ्यांपैकी एक होते.