विवाह-छायाचित्रण, ग्रामीण : अहिल्यानगर जिल्हा
अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील खेड्यांत आप्तस्वकीयांनी स्वहस्ते शृंगारलेल्या विवाहसोहळ्याचे चित्रण करण्याची कला. आंब्याचे टहाळे व केळीचे खुंट यांनी सजलेल्या मांडवात, अंतरपाट दूर होताच अक्षतांच्या वर्षावात वधूवरांची जी दृष्टभेट होते, ती नेमकी टिपण्यातच छायाचित्रकाराची खरी कसोटी लागते. गोरज मुहूर्तावर तर उजेड झपाट्याने ओसरत असल्याने हे काम विशेष बिकट होय. विवाहपूर्व चित्रणास हौशी जोडपी पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतील सलाबतखानाची अष्टकोनी कबर (लोकव्यवहारातील चांदबीबी महाल) किंवा प्रवरेवरील, १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचा परिसर निवडतात. तथापि ओसरीवर हळद लावणाऱ्या आत्या-मावश्यांच्या चित्रांचे मोल निःसंशय अधिक आहे.